पाचारण करण्यात यावे

सुभेदार, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी सवय नव्हती. परवा कुरुंद्याला तुझ्या मातीला आलो, तेव्हा वहिनी बायकांमधून वाट काढत माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "मुन्शीभाऊ, शेवटी शेवटी तुमचं नाव घेऊन राहिले होते. मुन्शीला एक जवाब द्यायचा राहिला, म्हणले." कसला जवाब, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि तूही सांगितलं नव्हतंस. दहा-बारा वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडत आलो, त्यामुळे तो कशाबद्दल होता ते मला बरोबर माहीत आहे. काय होता, ते मात्र तू बरोबर घेऊन गेलास.

वसमतहून चार माजी सैनिक आले होते. त्यांनी टाचा जुळवून तुला सलाम केला. मला सलाम ठोकता येत नाही, जन्मात कधी ठोकला नाही. मी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि त्यांच्या रांगेच्या टोकाला उभा राहिलो. कोणी हटकलं नाही. तू असतास तर हटकलं असतंस, "मुन्शी, पोट आत घे" म्हणाला असतास.

आता तुझी बाजू मांडायला तू नाहीस, म्हणून सगळं मलाच लिहावं लागतंय. माझा धंदाच तो. तीस वर्षं वसमतच्या तहसीलसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसलोय. ज्याला लिहिता येत नाही त्याचा आणि ज्याला लिहिता येतं पण साहेबाला समजेल असं लिहिता येत नाही त्याचा, दोघांचाही अर्ज मी लिहितो. तूही पहिल्यांदा आलास तो अर्जासाठीच. फौजेनं तुझं नाव ज्ञानबा लिहून ठेवलं होतं आणि शाळेच्या दाखल्यावर ग्यानबा होतं. पेन्शनच्या कचेरीत ही दोन वेगळी माणसं ठरली होती. मी लिहिलं, "सदर दोन्ही इसम एकच असून." तू ते वाचलंस आणि हसलास. "लिहिलंस बराबर. पण खरं सांगू का, एकच न्हाईत. गावातला निराळा अन् फौजेतला निराळा." मला वाटलं, गंमत करतोयस. अर्ज मंजूर झाला आणि तू माझ्या टेबलापाशी चहाला येऊ लागलास. कुरुंद्याहून हळद घेऊन आलास की बाजार उरकून, नाही आलास तरी निमित्त काढून.

मग आला तो हिवाळा. आपला जिल्हा तेव्हा परभणी होता, हिंगोलीला कलेक्टर बसायचा होता अजून. गावात मिरवणुकीच्या रस्त्यावरून कुरबुर झाली, कुरबुरीचा दगड झाला, दगडाची आग झाली. दोन हातगाडे जळले, एका चपलांच्या दुकानाचं शटर वाकलं. बाजार बंद, एसटी बंद. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सहा पोलीस उभे होते. सहाच्या सहा ओळखीचे, आणि त्यातले दोघं आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. लोक म्हणत ते गल्लीचं रक्षण करतायत. मला वाटायचं, ज्याचं रक्षण करायचं त्याच्याकडे माणूस अधूनमधून वळून तरी बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा दुकानदार माझ्या ओसरीवर आले. हळदीचे आडते होते, कापडवाले होते, आमच्यातले होते, तुमच्यातले होते. सगळ्यांचं एकच म्हणणं, पोलिसांचं काम राहिलं नाही, मिलिटरी बोलवा. मी कागद घेतला आणि लिहिलं. चांगलं लिहिलं. "शहरातील परिस्थिती हाताबाहेर गेली असून, नागरिकांच्या जीवितास व मालमत्तेस गंभीर धोका निर्माण झाला असल्याने, लष्कर पाचारण करण्यात यावे." खाली सह्यांच्या जागा आखल्या. पहिली जागा तुझी ठेवली. फौजी माणसानंच फौज मागितली तर कलेक्टर नाही म्हणणार नाही, हा माझा हिशोब. तुला निरोप धाडला आणि तू दुपारपर्यंत सायकल मारत आलास. धोतर, सदरा आणि खांद्यावर घोंगडी. मी म्हटलं, वर्दी तरी घालून यायचंस. तू म्हणालास, "वर्दी काय जत्रंतल्या सोंगाची हाय का?"

तू अर्ज वाचलास. दोनदा वाचलास. सगळे तुझ्याकडे बघत होते. मग तू एका शब्दावर बोट ठेवलंस.

"पाचारण म्हंजे काय रं, मुन्शी?"

"बोलावणं."

"कसं बोलावणं? पाव्हण्याला बोलावतो तसं?"

"व्हय. आदरानं."

"पाव्हण्याला जा बी म्हणता येतं. न्हाई गेला तर बायको भांडी आपटती, मग जातो. फौजेला जा म्हणायचा अर्ज लिहिता येतो का तुला? आधी तो लिहून दाखव, मग ह्याच्यावर सही करतो."

मी खरंच कागद घेतला होता, आठवतं? "लष्कर परत" एवढं लिहिलं आणि पुढे अडलो. परत काय? परत बोलावण्यात यावे? कोणी, कोणाकडे? तोवर हजारो अर्ज लिहिले होते. रस्ता द्या, पाणी द्या, नाव लावा, नाव काढा, बदली करा, बदली रद्द करा. आलेल्या फौजेला जायला सांगणारा अर्ज कसा असतो, त्याचा मायना मला येत नव्हता. एक आडत्या वैतागून म्हणाला, "सुभेदार, घरं जळू लागलीत अन् तुमी शब्दावर अडून राहिलात." त्याचं चूक नव्हतं. मलाही तेच म्हणायचं होतं.

तेव्हा तू ते सांगितलंस. त्याआधी कधी सांगितलं नव्हतंस आणि नंतरही पुन्हा कधी बोलला नाहीस.

तू हवालदार होतास. वरच्या बाजूच्या एका मोठ्या शहरात तुमची तुकडी बोलावली होती, असंच अर्ज-विनंत्या होऊन. चौकात तुम्ही दोरी लावून उभे होतात, पुढे कापडी फलक, त्याच्यावर लिहिलेलं, पांगा, नाहीतर गोळी झाडू. तुमच्यासोबत एक मॅजिस्ट्रेट होता. त्याच्या सहीशिवाय फौजेला गोळी झाडता येत नाही, तो कायदा. छापील कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि त्यानं सही केली. तू म्हणालास, "सही झाली तसा तो मागं सरकला. आता त्याचं काम संपलं अन् माझं सुरू." साहेबानं गर्दीतला एक माणूस दाखवला, हा म्होरक्या, एक गोळी, गुडघ्याखाली. तू झाडलीस. गर्दी पांगली. माणूस तिथंच बसला. त्याच्या गळ्यात शिंप्याची मापाची टेप होती. दुकानातून उठून काय चाललंय ते बघायला आलेला असावा, टेप काढायचं राहून गेलं असावं.

"म्होरक्या टेप लावून कशाला येईल, मुन्शी? त्या चौकातल्या कोणत्याबी माणसानं सांगितलं असतं, हा अमक्याचा शिंपी हाय. पण आमी कोणाला विचारणार? आमाला तिथलं कोणीच ठाऊक न्हाई. म्हणून तर आमाला बोलावलेलं."

तू पुढे म्हणालास, "दुसऱ्या दिशी एक पुढारी हार घेऊन आला. सगळ्यांना हार, पेढे, फोटो. पोलिसातला एक जण हळूच म्हणला, ह्यानंच पेटवलं होतं. मला बी हार घातला. गळ्यात हार अन् डोळ्यापुढं ती टेप. तो वाचला का मेला, मला कोणी सांगितलं न्हाई. माझं ते खातंच नव्हतं." आणि अर्ज माझ्याकडे सरकवलास. "ज्याला निस्तरायचं असतं, त्यानंच निस्तरावं. पुढाऱ्याला कोणाला नाराज करायचं नसतं, म्हणून तो फौज मागतो. काळं व्हायचं ते आमचं होऊ द्या, म्हणतो. मी सही करत न्हाई."

दुकानदार उठून गेले. जाताना कोणी तुला राम राम केला नाही.

आता माझं ऐक. त्या दिवशी मी तुला जे बोललो ते तू कधी काढलं नाहीस, म्हणून मीही काढलं नाही. मी म्हणालो होतो, "तुझं नाव ग्यानबा हाय, म्हणून तुला हे सुचून राहिलंय. माझ्या नावाचा असतास तर पहिली सही तूच केली असतीस." तू माझ्याकडे बघितलंस. राग नव्हता, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. वाक्य तोंडातून गेलं होतं. मला त्याची लाज वाटते, आजही वाटते. पण ते अगदीच खोटं होतं असं मी तुझ्यासमोर कधी कबूल करणार नव्हतो आणि आता तर नाहीच.

कारण अम्मा आत पडून होती. तिची गोष्ट तुला माहीत होती. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं तर तो साल सांगत नाही, निजामावर फौज आली त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला एवढा होतो म्हणून हात दाखवतो. अम्मा तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तुझे वडील मेंढरं घेऊन माळावर होते, फौजेची गाडी थांबली, शिपायांनी दूध मागितलं, त्यांनी शेळी धरून दिलं, ही तुमच्या घरची गोष्ट. तू ती अभिमानानं सांगायचास आणि वर कुरकुरायचास, "काम फौजेनं केलं अन् नाव पोलिसाचं. आमच्या कष्टाला सदा दुसऱ्याचं नाव." मी म्हणायचो, नाव मुद्दाम दिलंय. लष्कर म्हटलं की लढाई होते, पोलीस म्हटलं की घरातला मामला. अर्ज कसा लिहावा ते सरकारला माझ्याहून चांगलं कळतं.

आमच्या घरची गोष्ट निराळी होती. अम्मा एवढंच सांगायची, "फौज थी तब लग कुच नै हुआ. फौज गई, उसके बाद हुआ. आनेवाले सब पहचान के थे." तिचा एक भाऊ त्यात गेला. मला लहानपणापासून या गोष्टीतून एकच कळलं होतं, फौज आहे तोवर आपण आहोत. जो मला ओळखत नाही, त्याला माझ्याशी वैर कशाला असेल? मला ओळखणाऱ्यांचीच भीती होती. त्यांना माझं नाव माहीत असतं, म्हणजे घरही माहीत असतं.

तुला मी हे त्याच दुपारी पुन्हा ऐकवलं. तू बराच वेळ घोंगडीचे धागे चाचपत बसलास. मग म्हणालास, "अम्मा खरंच सांगती. पण तू अर्धंच ऐकलंस. फौज गेली, मग झालं. फौज जाणारच असती, मुन्शी. आज ना उद्या गाडीत बसती. अन् न्हाई गेली तर त्याच्याहून वाईट. राहायचं तुला-मलाच हाय." आणि उठून म्हणालास, "चल, चहा टाकायला सांग. एक बाज दे. मी हितंच राहून राहिलो."

तीन दिवस राहिलास. गल्लीच्या तोंडाशी बाज टाकलीस, पोलिसांच्या पुढे. फौजदार तुला हटवायला आला, त्याला बाजेवर बसवलंस, चहा पाजलास आणि म्हणालास, "साहेब, तुमची पोरं उन्हाकडं तोंड करून उभी हायेत. इकडं सावलीत उभी करा, गल्लीकडं तोंड करून." फौजदाराला कळलं. पोलीस वळले. मी ओसरीवरून बघत होतो, आणि तुझ्यावर चिडलेला असूनही मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीसेक जण आले पलीकडच्या बाजूनं, हातात काही ना काही होतं. तू उठलाही नाहीस. पहिल्याला विचारलंस, "कोणाचा रं तू?" त्यानं सांगितलं नाही. मागचा कोणीतरी बोलला, "ह्यो किसन सुताराचा." "किसनाचा का? तुझा बाप माझ्यासंगं भरतीला आला होता, छाती कमी पडली म्हणून परत धाडला. बरा हाय का?" आता बाप बरा आहे का म्हणून विचारणाऱ्या म्हाताऱ्यापुढे काठी कुठवर उचलून धरणार? दुसऱ्याला, कोणाचा? तिसऱ्याला, कोणाचा? मागचे तर आधीच सरकू लागले, बापाचं नाव निघण्याअगोदर. आमच्या गल्लीतली पोरं गच्चीवर विटा घेऊन उभी होती, त्यांच्याकडेही वळलास आणि तोच प्रश्न. त्यांनाही बाप होतेच. फौजेत हा प्रश्न विचारायची सोय नसते, असं तू नंतर मला सांगितलंस, आणि त्या एका मुद्द्यावर तू जिंकलास असं मी मानतो.

बाकी मुद्दे मात्र अजून खुले आहेत. ते मी सोडलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत टीव्हीवर कुठल्यातरी शहरातून फौजेचं संचलन दिसलं की तू मान हलवायचास आणि मी विचारायचो, जिथं ग्यानबा नसतो तिथं काय करायचं? प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कुरुंद्याचा सुभेदार बाज टाकून बसत नाही. तिथं माणसं मरतात, आणि फौज आली की मरायची थांबतात. मागच्याच महिन्यात वसमतच्या स्टँडवर आपण यावरच तोंडाला तोंड देत होतो. तू थोडा खाली आलास त्या दिवशी. म्हणालास, "तिथं बोलवावीच लागती. पोट फाडायची येळ आली तर डाक्टरनं फाडावं. पण रोज दुखलं की सुरी मागायची का? सवय लागती. पोलिसाला लागती, कलेक्टरला लागती, पुढाऱ्याला तर लागतीच. अन् एक दिस सुरीलाबी वाटायला लागतं, की घर आपल्यावरच चाललंय." मी म्हणालो, "बरं. पण येळ आली का न्हाई हे ठरवायचं कोणी? ज्याचं घर जळतंय त्यानं, का ज्यानं घोंगडी पांघरलीय त्यानं?" तू तोंड उघडलंस आणि तुझी बस लागली. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून म्हणालास, "सांगतो. पुढच्या बाजारी सांगतो."

तोच जवाब असणार. वहिनींना मी तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता?" मी म्हटलं, आता मी दोन्ही बाजूंनी भांडीन.

आता एक गोष्ट, जी मला तुला स्वतःच्या तोंडानं सांगायची होती. मागची दहा-बारा वर्षं तू चहाच्या टपरीवर चार लोकांत सांगायचास, "मुन्शीनं माझं ऐकलं, अन् अर्ज फाडून टाकला. गावात कोणी शहाणं असंल तर हा." मी खाली बघून बशीत चहा ओतायचो. सुभेदार, मी अर्ज फाडला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तू बाजेवर डोळे मिटून पडला होतास, तेव्हा परभणीला निघालेल्या एका मोटारीतून तो मी कलेक्टर कचेरीत धाडला. आणि नुसता धाडला नाही. तुझी सही नव्हती, म्हणून खाली एक ओळ वाढवली, "या मागणीस सेवानिवृत्त सुभेदार यांचाही पाठिंबा आहे." ज्या माणसानं माझ्या दारात बसून नाही म्हटलं, त्याच्या नावावर मी हो लिहिलं. अर्जनवीसाच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. तिकडून काही उत्तर आलं नाही, फौजही आली नाही, चौथ्या दिवशी दुकानं उघडली. तुझं म्हणणं खरं ठरलं आणि माझा खोटेपणा कुठल्यातरी फायलीत पडून राहिला. तू शिव्या दिल्या असत्यास तर सोपं झालं असतं. तू माझं कौतुक करत राहिलास.

अर्ज पाठवला याचं मला वाईट वाटत नाही. घाबरलेल्या माणसानं मदत मागितली, त्यात पाप काय. तुझं नाव घातलं याची माफी मागतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, तू ऐकून घेतलं असतंस तर मी त्या वेगळ्या करून दाखवल्याही असत्या.

आणखी एक राहिलं. अर्ज धाडून मी घरात आलो तेव्हा अम्मा उठून बसली होती. दोन दिवस तिनं धड खाल्लं नव्हतं. तिनं विचारलं, "फौज आ गई क्या रे?"

मी खिडकीतून बघितलं. तू घोंगडी डोक्याखाली घेऊन आडवा झाला होतास, धोतर गुडघ्यापर्यंत आलेलं, वहाणा बाजेखाली.

"आ गई, अम्मा."

"कित्ते जने है?"

"एक."

तिनं विचारलं, "ग्यानबा है क्या?" मी हो म्हटलं. "बस है फिर," ती म्हणाली, आणि भाकरी मागून घेतली.

मी तिला खोटं बोललो, असं तेव्हा मला वाटलं होतं. आता नाही वाटत.